साहेबांची शेवटची तबकडी

दर रविवारी चार वाजता पोस्टमास्तर बहिणीकडे येत, चपला काढत आणि बूड टेकायच्या आत दाजींशी भांडायला लागत. मेहुण्या-दाजींचं भांडण म्हटलं की लोकांना जमीनजुमला आठवतो. यांचं भांडण होतं दोन गायकांवरून. दोघेही गायक जाऊन जमाना झाला होता, पण या दोघांनी त्यांना सुखानं मरू दिलं नव्हतं.

दाजी 'मखमल'चे भक्त. त्या गायकाचं पाळण्यातलं नाव काहीही असो, माइकजवळ येऊन तो हलकेच गायला लागला की अंगावर कुणी शाल पांघरतंय असं वाटे, म्हणून चाहत्यांनी त्याला हे नाव दिलेलं. पोस्टमास्तरांचं दैवत दुसरं. ते त्याला 'साहेब' म्हणत आणि दाजी 'धुराडं', कारण साहेबांची सिगारेट दोन कडव्यांच्या मध्येही विझत नसे आणि ती त्यांच्या गळ्यात उतरलेली होती.

"तुमचा मखमल सुरात आहे, मान्य," पोस्टमास्तर म्हणत. "पण तो सगळ्या सभागृहाला गातो. साहेब एकट्या मला गातात."

"बाकीचे उठून गेलेले असतात ना, म्हणून."

"कडव्याच्या शेवटी साहेब अर्धा श्वास हातचा राखतात, दाजी. तो अर्धा श्वास तुमच्या मखमलला जन्मात जमला नाही."

"श्वास कसला राखतोय! खोकला दाबतोय."

इथपर्यंत सामना बरोबरीत असे. गळ्यावरून गाडी स्वभावावर आली की मात्र पोस्टमास्तरांची बाजू लंगडी पडे. मखमल वेळेआधी पंधरा मिनिटं हजर राहणारा, वादकांना नावानं हाक मारणारा, आजारी बायकोची बारा वर्षं सेवा केलेला. साहेबांची दोन लग्नं मोडलेली, तोंडाळपणाची ख्याती दूरवर. आणि सगळ्यात शेवटी दाजी हुकमाचा एक्का टाकत.

"शेवटची तबकडी लाव की मग."

साहेबांचं शेवटचं गाणं होतं 'सोबत सरली, सावली उरली'. त्यात 'स' म्हणून एक धड नव्हता. शोबत शरली, शावली उरली. गाणं बाजारात आलं तेव्हाच लोक म्हणाले, ढोसून गायलाय. वर्षाच्या आत साहेब गेले आणि बोल तसाच राहिला. "स्वतःच्या शेवटच्या गाण्याला जो शुद्धीवर राहिला नाही, त्याचा स्वभाव मला सांगू नकोस," असं दाजी म्हणाले की पोस्टमास्तर कपातल्या चहाकडे बघत बसत. ती तबकडी त्यांच्याकडे होती. तीस वर्षांत त्यांनी ती पाकिटातून बाहेर काढली नव्हती.

आता खरी गोष्ट अशी, की साहेबांनी त्या दिवशी थेंबालाही हात लावलेला नव्हता. आणि ही गोष्ट जगात एकट्या दाजींना ठाऊक होती.

दाजींचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माप घेत आणि मागच्या खोलीत बसून दाजी प्लास्टरचा साचा, मेण, दात, हिरड्या असं सगळं उभं करत. चोवीस वर्षांचे होते, नुकतंच लग्न झालेलं, नोकरीला चार महिने. डॉक्टर भयंकर कडक. आधीच एक कवळी तडकली होती आणि "पुन्हा चूक झाली तर दुसरीकडे बघ" असं ऐकून झालं होतं. अशात साहेबांच्या वरच्या कवळीचं काम आलं. पुन्हा तडकू नये म्हणून दाजींनी पुढच्या दातांमागची टाळू जाड ठेवली. गरजेपेक्षा जाड.

साहेब थेट ध्वनिमुद्रणाला निघाले होते, गाडी खाली उभी होती. कवळी तोंडात बसवून ते म्हणाले, "शुंदर." आणि थांबले. डॉक्टर हात पुसत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. साहेबांनी आरशातून मागे उभ्या असलेल्या दाजींचा पांढराफटक चेहरा पाहिला. जिभेनं टाळू चाचपली. त्यांना सगळं कळलं, हे दाजींना कळलं.

"कशी बसलीये?" डॉक्टरांनी विचारलं.

साहेबांनी ओठ मिटून मान डोलावली, उत्तम अशी खूण केली आणि जिना उतरून गेले.

तिसऱ्या दिवशी ते मागच्या दारानं आले. डॉक्टर जेवायला गेले होते. कवळी काढून त्यांनी दाजींच्या टेबलावर ठेवली आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "आता घास." बस, एवढंच. दाजींनी कानशीनं टाळू घासली, साहेबांनी ती लावली, दाजींच्या पाठीवर थाप मारली आणि गेले.

कुणाला सांगू नकोस असं काही ते म्हणाले नव्हते. ते दाजींनी स्वतःच स्वतःला सांगितलं. आधी नोकरीसाठी, मग लाजेखातर, आणि पुढे पुढे, खरं बोलायचं तर, वादात जिंकायची चटक लागली म्हणून. माणूस स्वतःच्या चुकीवर दुसऱ्याची फजिती करून तीस वर्षं चहा पिऊ शकतो. दाजी प्यायले. फक्त एक नेम त्यांनी पाळला: 'स' नीट येतो का बघायला, लावणाऱ्याकडून साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणवून घेतल्याशिवाय एकही कवळी हातावेगळी करायची नाही.

आणि मग पोस्टमास्तरांचे उरलेसुरले दात गेले.

डॉक्टरांनी माप पाठवलं. मेहुण्याचं काम म्हणून दाजींनी जीव ओतला, आणि जीव ओतला की हात जड होतो. बुधवारी सकाळी पोस्टमास्तर दाजींच्या, आता स्वतःच्या झालेल्या, छोट्या कारखान्यातल्या स्टुलावर बसले. दाजींनी कवळी लावून दिली.

"मोज. साठपासून."

"शाठ, एकशष्ट, बाशष्ट," पोस्टमास्तर म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. "काय हो हे दाजी! पोश्टमाश्तर!"

"हसू नको. टाळू जरा जाड राहिली. दोन मिनिटांचं काम." दाजींनी हात पुढे केला.

पण पोस्टमास्तरांना गंमत वाटत होती. दात आले, आता गाणंही येतं का बघू, म्हणून त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि सवयीनं साहेबांसारखे गुणगुणले. आणि तोंडातून नेमकं तेच आलं, जे त्यांनी तीस वर्षं लावलं नव्हतं.

"शोबत शरली, शावली..."

ते थांबले. डोळे उघडले. पुन्हा एकदा म्हणाले, हळू, एकेक अक्षर. ज्या कानांना साहेबांचा अर्धा श्वास ऐकू यायचा, त्या कानांना हे कसं चुकणार?

"दाजी," ते म्हणाले. "शाहेबांना कवळी होती?"

दाजींच्या हातात कानस होती. 'मला काय ठाऊक' एवढे तीनच शब्द बोलायचे होते. मेहुण्यानं विश्वास ठेवला असता, तो नेहमीच ठेवत आला होता. दाजींनी कानस टेबलावर ठेवली.

"होती," ते म्हणाले. "मीच केली होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कडक डॉक्टर, जाड टाळू, आरसा, मागचं दार. "एक शब्द बोलले असते तर मला त्याच दिवशी हाकललं असतं. तुझ्या ताईला आणून तीन महिने झाले होते रे. तुमच्या वडिलांनी माझी नोकरी बघून तर मुलगी दिली होती. साहेब बोलले नाहीत. आणि मी त्यांना दारुड्या म्हणत आलो. तुझ्या तोंडावर, दर रविवारी."

पोस्टमास्तरांचा चेहरा लाल झाला. आता हा कवळी काढून आपल्या अंगावर फेकतो की काय, असं दाजींना वाटलं, आणि फेकली असती तर बरंच वाटलं असतं.

"तीश वर्षं," पोस्टमास्तर म्हणाले, "मी त्यांना मनातून माफ करत होतो. काही केलं नशताना."

ते उठले.

"अरे, घासून तरी देतो."

"नको," म्हणून ते तसेच गेले.

तीन दिवस दाजी ताट अर्धं टाकून उठले. बायकोनं विचारलं तेव्हा तिलाही सांगून टाकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रविवारी तो आला नाही, तर तुम्ही जायचं. पायी."

रविवारी चार वाजता पोस्टमास्तर आले. चपला काढल्या, पण भांडले नाहीत. काखेत पाकीट होतं. त्यांनी तबकडी काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि लावली. खरखर झाली आणि साहेब गायला लागले. पोस्टमास्तर त्यांच्याबरोबर गायले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, प्रत्येक 'श' साहेबांच्या 'श'वर नेमका ठेवत. एकदाही हसू आलं नाही. ताई दारात उभी राहून ऐकत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

दाजी खाली मान घालून बसले होते. धुराड्याचं ते गाणं त्यांनीही इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट ऐकलं. कडव्याच्या शेवटी अर्धा श्वास राखलेला होता. तो खोकला नव्हता.

तबकडी थांबली. पोस्टमास्तरांनी कवळी काढली, रुमालानं पुसली आणि दाजींच्या तळहातावर ठेवली.

"आता घासा," ते म्हणाले.

दाजी कानस आणायला उठले.