ग्लासभर पाणी

थोरले दीर सुतार, म्हणून घरात लाकडावरचा शेवटचा शब्द त्यांचा. मी प्लायवूडची आठ फुटी मत्स्यटाकी बांधायला घेतली, तेव्हा माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाले, "हिला सांग, प्लाय फुगणार. महिनाभर थेंब गळला नाही, तर त्यातलंच ग्लासभर पाणी पिईन."

मी काम चालूच ठेवलं. आतून पाणी अडवणाऱ्या इपॉक्सीचे पाच हात दिले, सिलिकॉनने काच बसवली, प्रवाळ लावलं, मासे सोडले.

महिन्याने भाऊजींनी कोपरा न् कोपरा चाचपला. बोटं कोरडीच. मी सगळ्यांसमोर टाकीतून ग्लास भरून दिला. पहिल्याच घोटाला त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"प्रवाळाला समुद्रासारखं खारं पाणी लागतं, भाऊजी," मी म्हणाले. "तुम्ही ग्लासभर म्हणाला होतात. हा तर घोटच झाला."