दाराची वरची फळी

मला समुद्राची भीती वाटते. सगळा जन्म शिडाच्या बोटीवर काढलेल्या बाईनं हे सांगायचं म्हणजे खाटकाच्या बायकोनं मटणाला नाक मुरडण्यासारखं आहे. पण वाटते ती वाटते. टास्मानियातल्या आमच्या केटरिंगच्या धक्क्यावर कुणाला हे माहीत नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच नाही. गार्थला कळलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी बोट विकली असती, आणि बोट नसलेला गार्थ घरात नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत बसला असता. ते मला समुद्रापेक्षा जड गेलं असतं.

आमच्या ‘पिपिट’च्या केबिनला दार नाही. अशा बोटींना ते नसतंच. बाहेर सुकाणूपाशी बसायची खोलगट जागा असते, तिला आम्ही हौदा म्हणतो. तिथून आत उतरायच्या वाटेवर दोन्ही बाजूंना खाचा असतात. त्या खाचांत एकावर एक तीन फळ्या सरकवायच्या आणि वरून झाकण ओढून घ्यायचं. हवा बरी असली की या फळ्या गादीखाली पडून राहतात. हवा फिरली की त्याच तीन फळ्यांवर आख्खी बोट तरून असते, कारण तिथून पाणी आत शिरलं तर बोट दगडासारखी तळाला जाते.

मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडच्या जुलैत, मी वरची फळी उचलली आणि तिचा कोपरा माझ्या हातात आला. जुना प्लाय होता, पापुद्रे सुटून पावासारखा फुगला होता.

“बघ, माझ्यासारखीच झालीय,” मी म्हटलं.

“तुझे कोपरे अजून शाबूत आहेत,” गार्थ म्हणाला. “नवीन करू. या खेपेला ॲक्रिलिकच्या. जाड, आरपार दिसणाऱ्या.”

“आणि तडकल्या म्हणजे?”

“मग पॉलिकार्बोनेट घे. हातोडा घातलास तरी फुटत नाही. ओरखडे पडतात तेवढे.”

“पण आरपारच कशाला?”

“उजेड येईल ग. तुला वाचता येईल.”

चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा हा माणूस माझ्या वाचनाची काळजी करत होता! मला तो उजेड नको होता. फळ्या लावल्या की मी आत झोपायच्या बाकावर भिंतीला टेकून बसायची आणि लाटा नाहीतच असं मनाशी म्हणायची. एवढीच माझी युक्ती होती, आणि हा तिथं खिडकी बसवायला निघाला होता.

“आमच्या बाबांची ह्यूऑन पाइनची फळी घराखाली पडलीय,” मी म्हटलं. “ती सोडून प्लास्टिक लावलंस तर धक्क्यावर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.”

आमच्या टास्मानियात ह्यूऑन पाइनचं नाव काढलं की वाद मिटतो. ते लाकूड कुजत नाही, त्याला कीड लागत नाही, आणि कायद्यानं नवीन झाड तोडायची सोय नसल्यामुळे ज्याच्या घराखाली एखादी फळी आहे तो तिला दागिन्यासारखी जपतो. गार्थनं मुकाट्यानं रंधा काढला. आठवडाभर घराला त्या लाकडाचा गोडसर वास येत होता. फळ्या खाचांत अशा गच्च बसल्या की पोस्टकार्ड सरकलं नसतं. मी खूश होते.

गार्थचा बोटीवरचा एक नियम होता. वारा वाढला की एकानं आत जायचं, फळ्या लावायच्या, आणि बाहेरच्यानं ठोकल्याशिवाय आतल्यानं उघडायचं नाही. बाहेरच्याला लाट दिसते, आतल्याला दिसत नाही, म्हणून.

मार्चमध्ये आम्ही ॲडव्हेंचर बेवरून पोर्ट आर्थरला निघालो. मध्ये स्टॉर्म बे हा उघडा उपसागर ओलांडायचा होता. नैर्ऋत्येचा वारा संध्याकाळी येणार असं सांगितलं होतं. तो दुपारी जेवणाच्या वेळेलाच आला. आधी दक्षिणेकडची क्षितिजाची रेघ काळी पडली, मग पाणी पांढरं झालं.

“आत जा, ग्लेन! फळ्या लाव!”

“तुझा पट्टा?”

“अडकवलाय बोटीला. जा म्हणतो ना!”

मी आत उतरले, तिन्ही फळ्या लावल्या, झाकण ओढलं. अंधार झाला. मी भिंतीला टेकून नेहमीचा जप सुरू केला: लाटा नाहीत, लाटा नाहीत.

मग बोट थांबल्यासारखी झाली. पाठीमागून घरावर ट्रक आदळावा तसा आवाज आला आणि माझ्या डोक्यावरचं कपाट माझ्या पायाखाली आलं. बश्या, चहाचा डबा, नकाशे, सगळं माझ्या अंगावर. बोट आडवी पडली होती. किती वेळ पडून होती ते मला सांगता येणार नाही. मग ती हळूहळू कण्हत उभी राहिली.

आत पाणी जेमतेम घोटाभर होतं. फळ्यांनी काम केलं होतं.

“गार्थ!”

उत्तर नाही.

“गार्थ, ठोक ना रे!”

मी फळीला कान लावला. ह्यूऑन पाइनचा वास नाकात भरला. पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता. तो पलीकडे होता का? की पट्ट्याला लटकून पाण्यातून फरफटत होता? की पट्टाच तुटला होता? माझे हात इतके कापत होते की फळीवर आपोआप टकटक होत होती. क्षणभर मला वाटलं, तोच ठोकतोय.

उघडलं आणि दुसरी लाट आली, तर बोट भरणार आणि दोघं जाणार. नाही उघडलं, आणि तो पाण्यात असला, तर मी इथं कोरडी बसून त्याला मरू देणार. मला एवढंच हवं होतं की कुणीतरी सांगावं, तो आहे का. मध्ये माझ्या बाबांचं लाकूड होतं, बोटभर जाड, आणि ते मी हट्टानं लावून घेतलं होतं.

मी नियम मोडला. झाकण मागे लोटलं आणि वरची फळी ओढली. ती हलेना. पाणी पिऊन आणखी गच्च झाली होती. मी खालून खांद्यानं धक्के दिले, देवाचं नाव घेतलं, देवाला शिव्या दिल्या, तेव्हा कुठं ती वर आली.

गार्थ हौद्याच्या तळाशी वेडावाकडा पडला होता. पट्टा सुकाणूच्या दांड्याला गुंडाळला गेला होता, एक हात अंगाखाली होता, आणि तो डोळे फाडून माझ्याकडेच बघत होता. जिवंत होता. त्याच्या मागे भिंत होती, हिरवी, वर फेस असलेली.

“लाव ती!” तो किंचाळला. “लाव!”

मी ती त्याच्या तोंडावर लावली. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याच्या तोंडावर फळी दाबली, झाकण ओढलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. लाट वरून गेली. मी किंचाळत होते, पण मलाच ऐकू येत नव्हतं.

पाणी ओसरल्याचं वाटलं तेव्हा पुन्हा उघडलं. तो होता. निळा पडला होता, खोकत होता, पण होता. मी बाहेर आले, मागे फळी लावली, माझा पट्टा अडकवला, त्याचा दांड्यावरून सोडवला आणि सुकाणू हातात घेतलं. केप राऊलच्या कड्याआड शिरेपर्यंत मी मागून येणाऱ्या लाटांकडे वळून पाहिलं नाही. मागे बघितलं असतं तर हात सुटले असते.

त्याचं हासळीचं हाड मोडलं होतं. होबार्टच्या इस्पितळात हात बांधून पडला होता तेव्हा मी विचारलं, “ओरडला का नाहीस?”

“ओरडत होतो. पहिल्यापासून. तुलाच हाका मारत होतो.” तो छताकडे बघत होता. “आतून काही आवाज येईना. वाटलं, कपाट डोक्यात पडून तू गेलीस.”

मी त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

“ते उजेडाचं नव्हतं ग, ग्लेन.”

“कशाचं?”

“आरपार फळीचं. तू आत गेलीस की मला काही दिसत नाही. दर खेपेला फळ्या लागतात आणि मला वाटतं, आता तू परत दिसणार नाहीस. चाळीस वर्षं वाटतंय.”

“मग बोलला का नाहीस, मेल्या?”

“मी घाबरतो हे कळलं असतं तर तू बोटीवर पाय ठेवला असतास?”

मला हसू आलं आणि मग रडू आलं. परिचारिकेनं पडदा ओढून घेतला. मग मीही त्याला सगळं सांगितलं, भिंतीचं आणि जपाचं.

बंदरापलीकडच्या प्लास्टिकच्या दुकानात मी एकटीच गेले. तिथल्या नोएलीननं नमुने पुढे टाकले. “धुरकट छान दिसतं. बाहेरून आतलं कुणाला दिसत नाही.”

“स्वच्छ दे,” मी म्हटलं. “पॉलिकार्बोनेट. सगळ्यात जाड.”

“ओरखडे पडतील हं.”

“पडू देत.”

ह्यूऑन पाइनच्या खालच्या दोन तशाच ठेवल्या. वरची मात्र आरपार, आणि खाचेत सैल. आत, बाहेर, दोन्हीकडून एका हातानं निघते.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, आमच्या वसंतात, पुन्हा स्टॉर्म बेमध्ये वारा वाढला. मी आत गेले, फळ्या लावल्या. लाटा दिसल्या. मनात होत्या त्याहून त्या मोठ्या निघाल्या, आणि डोळे मिटायची सोय उरली नव्हती, कारण लाटांच्या आणि माझ्या मध्ये गार्थ बसला होता. तो वाकून आत बघत होता. त्याचा चेहरा भीतीनं पांढराफटक पडला होता. माझाही त्याला तसाच दिसत असणार. मी फळीवर एकदा ठोकलं. त्यानं बाहेरून ठोकलं.