डबड्यांची दोरी

घंटी वाजली तशी अनुसयानं येसाजीच्या हातातला फोन ओढूनच घेतला. पाच वाड्यांत मिळून फोन एकच, आणि तोही येसाजीच्या दुकानात.

“बोला जावईबापू, मी हाय.”

आतून नुसती खर्रखर्र. तिच्यात ‘मामी’ एवढं कळलं, मग ‘चंद्रा’, आणि पुढचं सगळं बुडून गेलं. दोन वाजले होते.

लेक चंद्रा तिकडं खानापुरात दवाखान्यात बाळंतपणाला अडली होती. तिला बापाचंच रक्त जुळतं, हे डॉक्टरांनी आधीच तपासून ठेवलेलं. रक्त लागलं तर अनुसयाच्या नवऱ्यानं, कान्हूनं, खानापुरात यायचं की बेळगावात, हे जावई यशवंत दोनला फोनवर सांगणार होता. चारची बस चुकली की मग दुसऱ्या दिवशीच गाडी.

“आठ दिस झालं, असंच हाय,” येसाजी म्हणाला. “तुमच्या नावानं दोन अर्ज धाडलं की वैनी. लाइनमन काय फिरकंना.”

“मुडदा बशिवला त्याचा. आयतं बसून पगार खातोय. भावजी, फोन परत आला तर धरून ठेवा. मी तार बघून येते.”

“तारंतलं तुमास्नी काय कळणार?”

“पडलीय का न्हाई, एवढं तर दिसंल.”

विळा घेऊन ती खांबामागून खांब बघत सुटली. पावसाची झिमझिम चालूच होती आणि लाल चिखल घोट्याच्या वर येत होता. चार खांब सरळ होते. पाचवा तिच्याच शेताच्या बांधावर होता, आणि तो वाकला होता. तार सैल पडून ओल्या बांबूच्या बेटात शिरली होती.

खांबाला एक दोरी बांधलेली होती. गाठ तिच्याच हातची होती.

भात पोटरीला आलं की डुकरं येतात. शेतात राखणीला बांधलेल्या माळ्यावर बसून दोरी ओढायची, दोरीला अडकवलेली डबडी खडखडतात आणि डुकरं पळतात. यंदा दोरीचं पल्याडचं टोक बांधायला झाड नव्हतं. खांब आयता उभा होता. आठ दिवस कान्हू रात्रभर दोरी हिसडत होता आणि तेवढाच खांब वाकत होता. आणि इकडं आपण दुसऱ्याला शिव्या घालतोय, अर्ज लिवून घेतोय. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिनं विळा घातला. डबडी चिखलात पडली.

“अगं, काय करतीस?” कान्हू माळ्यावरनं ओरडला. “आज रातीत समदं रान खाऊन टाकतील.”

“खाऊ देत. खाली या. बांबू घ्या आन् ही तार भायेर काढा. लेकीचा निरोप हिच्यात अडकलाय.”

कान्हू बांबू घेऊन खाली उतरला. दोघांनी खांबाला खांदा लावला, तार बांबूच्या टोकानं उचलून मोकळी केली आणि दोघं तसेच दुकानाकडं पळाले. पोचले तेव्हा साडेतीन होऊन गेले होते.

“परत आला व्हता का?”

“दोनदा. दोन्ही बारीला खर्रखर्र.”

अनुसया फळीवर बसली आणि फोनकडं बघत राहिली. भीतीनं तिला रडूही येईना. चारला दहा मिनिटं कमी असताना घंटी वाजली.

“मामी, ऐकू येतंय?” यशवंत शेजारी उभा राहून बोलावा इतकं स्वच्छ. “बेळगावला हलवलंय. आज रात्री आपरेशन हाय. मामांस्नी लगेच धाडा.”

कान्हू चिखलाच्या पायांनीच बसमध्ये चढला.

चंद्रा वाचली, नातूही वाचला. त्याच रात्री डुकरांनी अर्धं भात लोळवलं.

पंधराव्या दिवशी लाइनमन आला. त्यानं फोन कानाला लावला, जोयड्याच्या टेलिफोन ऑफिसशी दोन शब्द बोलून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“लाइन चांगली आहे की. अनुसया कोण? खोटी तक्रार कशाला करता, अक्का? ‘लाइनमध्ये दोष नाही’ म्हणून लिहिलंय. अंगठा द्या.”

येसाजी तावातावानं काही बोलणार होता. अनुसयानं त्याला हातानंच गप्प केलं.

“खरं हाय साहेब,” ती म्हणाली, “लाइनीत दोष न्हवता.”

आणि तिनं अंगठा दिला.