मैदानात एकच चेंडू

फर्मिनचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. रामिरोच्या क्लबातल्या पोरांना फटके मारायचा सराव व्हावा म्हणून अख्खा उन्हाळा त्याने रोज चेंडू फेकले होते. बॅट मात्र एकदाही त्याच्या हाती आली नव्हती. एक फटका, बस, एवढंच त्याला हवं होतं. आज सामना होता आणि क्लबाचा एक गडी तापाने आडवा झाला होता.

"कप्तानसाहेब, आज मला घ्या की."

रामिरो हसला. "तू आपला कॉर्नेटचा कर्णा वाजव. सामन्यानंतर बायकांना नाचायचंय. काळा माणूस खेळवला तर समोरचे मैदानात उतरायचे नाहीत. पुढच्या साली बघू."

गरज सरो, वैद्य मरो! हाच रामिरो कॉफी पिताना छाती काढून सांगायचा, बैलांशी झुंजी स्पेनच्या राजाच्या, बेसबॉल उद्याच्या स्वतंत्र क्युबाचा. गुलामी उठून वर्ष होत नाही तोच या दांभिकांनी मैदानाभोवती दोरी बांधली होती. आत गोरे, बाहेर वाजंत्री.

"गीळ राग," वाजंत्र्यांच्या मांडवात शेजारी बसलेला म्हातारा नगारेवाला बेनिग्नो पुटपुटला. "घरी पोरं आहेत तुझी."

"गिळून गिळून पोट फुगलंय, काका."

शेवटच्या डावात रामिरो स्वतः बॅट घेऊन उभा राहिला. त्याचा फटका वाकडा बसला आणि चेंडू थेट वाजंत्र्यांच्या मांडवात आला. फर्मिनने कॉर्नेट काखेत मारून तो वरच्यावर झेलला. हावानाहून आणलेला तेवढा एकच चेंडू मैदानात होता.

"फेक इकडे!" रामिरो ओरडला. "तुझं कामच आहे ते!"

फर्मिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉर्नेट बेनिग्नोच्या मांडीवर टाकून तो दोरी ओलांडून आत शिरला. रामिरोच्या हातातली बॅट त्याने हिसकावली, चेंडू वर उडवला आणि उन्हाळाभराचा संताप त्या एका फटक्यात घातला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून नदीत जाऊन पडला.

"अरे हरामखोरा! काय केलंस हे?"

बेसबॉलमध्ये पळणाऱ्याच्या अंगाला चेंडू टेकवल्याशिवाय तो आउट होत नाही. फर्मिन धावला नाही, चालला. पहिल्या बेसवर त्याने पाय आपटला, दुसऱ्यावर आपटला, तिसऱ्यावरही. गोरे गडी जागच्या जागी शिव्या घालत होते. मांडवात बेनिग्नोने नगारा बडवायला घेतला होता. चौथ्या बेसवर येऊन फर्मिन रामिरोच्या पुढ्यात उभा राहिला.

"करा आता आउट."

करणार कशाने? चेंडू नदीत होता.