दोन सारखे नकोत

गिऱ्हाईक निवृत्त प्राध्यापक होते आणि त्यांची मागणी विक्षिप्त होती. टेबलावरचा संगमरवरी चौरस त्यांना त्रिकोण जोडून हवा होता. प्रत्येक त्रिकोण म्हणजे कर्णावर कापलेला अर्धा चौरस, मग तो लहान असो की मोठा. पण कुठलेही दोन एका मापाचे नकोत, आणि मध्ये फट नको.

दगडाच्या कारखान्याच्या मालकांना सगळे बडे मिस्त्री म्हणत. त्यांनी तीन महिने पुठ्ठे कापले. दरवेळी जमत आलं म्हणेपर्यंत कोपऱ्यात दोन जुळे भाऊ निघायचे. शेवटी चिडून ते कारागिरांसमोर बोलून गेले, "जो हे दगडात करून दाखवेल, तो माझ्या खुर्चीत बसेल."

जावयाने ते मनावर घेतलं. नकाशे काढायची नोकरी सुटल्यावर तो सासऱ्यांकडे आला होता आणि दोन वर्षं नुसत्या फरशा मोजत होता. कारागीर त्याला 'पेन्सिल' म्हणत. आठव्या दिवशी त्याने कागद पुढे केला.

बड्या मिस्त्रींनी गुण्या लावून एकेक कोन तपासला, पट्टीने एकेक बाजू मोजली. दोन सारखे सापडेनात. दगडात हाडं झिजवून आपल्याला जे जमलं नाही, ते या काल आलेल्याने करावं? मग कागदावरच्या केसासारख्या बारीक रेषांकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"वा, जावईबापू! ही पितळी चौकट घ्या. तिच्यात घट्ट बसणारी ही फरशी. तुमच्या रेषांवर कापा आणि परत बसवा. हललं नाही, की खुर्ची तुमची."

"एवढंच, बाबा?"

"एवढंच."

मशीन सुरू झालं. मुलगी दारात उभी राहून नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती. एक म्हातारा कारागीर पुढे सरकला. "जावईबापू, ते पातं जरा…"

"तू तुझं पॉलिश बघ," बडे मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला. प्रत्येक कापाला पातं तीन मिलिमीटर दगड खात होतं. पांढरं पाणी नाल्यातून वाहून जात होतं. ते बघत त्यांनी चहा सावकाश संपवला.

तुकडे चौकटीत बसले आणि खुळखुळले. जावयाने ते एका बाजूला रेटले, तर दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट.

"मी अगदी रेषेवरच कापलं हो…"

"रेषेला जाडी नसते, पेन्सिलराव. पात्याला असते."

मालक हसले म्हणून कारागीरही हसले. म्हातारा तेवढा पॉलिश करत राहिला.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?" मुलीने विचारलं.

"इथे झाडणाऱ्यालाही माहीत आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"त्याने विचारलं का?"

कागद मात्र त्यांनी खिशात घातला. पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक त्रिकोण वेगळ्या फरशीतून जरा मोठा कापला, रेषेपर्यंत घासला आणि जोडला. सुई शिरायला जागा राहिली नाही.

प्राध्यापकांनी टेबलावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. "मिस्त्री, मी जन्मभर गणित शिकवलं. हे तुम्हाला सुचलं तरी कसं?"

"सुचतं. दगडात जन्म गेला की सुचतं," बडे मिस्त्री म्हणाले, आणि टेबलाचं दुसरं टोक धरून गाडीपाशी वाकलेल्या जावयाकडे वळले. "नीट धर रे. कोपरा लागेल."