बघून झालेला ड्रेस

खट्.

दुपारच्या शांततेत आतल्या खोलीतून तेवढाच आवाज आला आणि वहिनीचा पाय मशीनच्या पायडलवर थबकला. तारेचा हँगर लोखंडी दांडीवरून उचलला की असा आवाज होतो. आणि तो उचलण्याचा हक्क या घरात फक्त तिला होता.

गल्लीभर सगळे तिला वहिनीच म्हणत. घट्ट कपडे सैल करणं, लांब ते आखूड करणं, चेन बदलणं हे तिचं काम, आणि ती दांडी म्हणजे तिची अब्रू. लोकांचे कपडे तिथे टांगलेले असत, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. दांडीला हात लावायचा नाही हा घरातला एकमेव कायदा. इतर सगळं मोडण्यात पटाईत असलेल्या नवऱ्यानेही तो कधी मोडला नव्हता.

ती उठून दारात गेली. तिची सतरा वर्षांची नणंद डॉक्टरबाईंच्या लेकीचा निळा ड्रेस घालून खिडकीशी उभी होती. मान वाकडी, ओठ पुढे, एक खांदा वर. लचक भरलेलं माणूस दिसतं तशी. समोर स्टुलावर, दोन्ही हातांनी फोन धरून वहिनीची पाच वर्षांची पिटुकली. ही म्हणे झोपली होती.

"आत्या, तू हसलीच नाहीस," पिटुकली म्हणाली. "परत कर."

"हसायचं नसतं गं. कंटाळा आल्यासारखं दिसायचं असतं."

"कंटाळ्यावर माझ्याकडे औषध आहे, मोरीत भांडी पडलीत," वहिनी म्हणाली. "आधी मान सरळ कर, अवघडेल. आणि हलू नकोस, खालची दुमड नुसती टाचण्यांवर आहे."

नणंदेचा पुतळा झाला. पळायची सोयच नव्हती. पळाली असती तर पोटऱ्या ओरबाडल्या असत्या.

मग एकेक बाहेर आलं. तीन आठवडे हे चाललं होतं. रोज दांडीवरचा एक कपडा अंगावर, चिठ्ठी आत दुमडलेली, आणि व्हिडिओवर नाव: 'माझं कपाट'. या महाराणीचं कपाट म्हणजे खाटेखालचं एक खोकं, त्यात चार टॉप आणि एक चौकड्यांचा शर्ट. पण बाराशे पोरी रोज त्या कपाटाची वाट बघत होत्या. बाराशे जणींना दुसरा उद्योग नव्हता. निळा ड्रेस तर कालच दाखवून झाला होता. आज तो पाठमोरा दाखवायचा होता.

"कशासाठी गं हे?"

"वर्गात मला चौकट म्हणायचे," नणंद टाचण्यांकडे बघत म्हणाली. "तो शर्ट एकाच आठवड्यात तीनदा घातला म्हणून. आता नाही म्हणत. आता विचारतात, कुठून घेतलास."

वहिनीने तोंडावर आलेलं अर्धं ओरडणं गिळलं. उरलेलं अर्धं मात्र केलं. "उसन्या पिसांचा मोर किती दिवस नाचणार?"

"सगळेच उसने आहेत, वहिनी. आमच्या वर्गातली एक कपड्याचा टॅग आत खोचून घालते आणि दुसऱ्या दिवशी दुकानात परत करते. मी निदान जागच्या जागी लावते."

वहिनीला आणखीच राग आला. तिने समोर बसून व्हिडिओ काढून टाकायला लावले. पण बघितलेलं कोणाच्या डोळ्यांतून काढता येतं?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई लेकीला घेऊन हजर. त्यांच्या ओळखीने बारा घरचे कपडे या दांडीवर येत होते. वहिनी सकाळपासून माफीची वाक्यं शिवत आणि उसवत होती.

"बाई, चूक माझ्या घरातली आहे. ड्रेस धुऊन, इस्त्री करून..."

"धुण्याचा प्रश्न नाही हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कोणी अंगाला लावला असेल, तर त्याचंही हिला काही नाही."

"मग?"

"सगळ्यांनी बघितलाय तो," लेक फोनमधून डोळे न काढता म्हणाली. "कॉलेजच्या निरोपसमारंभाला मी घातला, तर म्हणतील त्या व्हिडिओतल्या मुलीची नक्कल केली. बघून झाला तो ड्रेस."

"पण आहे तर तुझाच ना?"

"म्हणून काय झालं?"

आता बाई पोरीचा कान धरतील, या आशेने वहिनीने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. नुसत्या नाडीवरून अर्ध्या गावाची दुखणी ओळखणारी बाई. "हिचंही खरंच आहे म्हणा," बाई म्हणाल्या.

पूर्वी कपडा फाटला की टाकत. आता दिसला की टाकतात. वहिनीने नणंदेला हाक मारली. माफी तरी तिने स्वतःच्या तोंडाने मागावी.

नणंद खाली मान घालून बाहेर आली आणि त्या लेकीचा चेहरा प्रथमच फुलला. "अगं, तूच का कपाटवाली? मी रोज बघते तुला." मग तिची नजर उघड्या दारातून आत गेली. दांडी, हँगर, नावांच्या चिठ्ठ्या. "म्हणजे ते कपाट... ही दांडी?"

ती हसली, अगदी हळू. आणि हातातला फोन वर उचलला.

वहिनी दारात आडवी उभी राहिली. गळ्यात टेप, दोन्ही हात चौकटीवर. "इथे फोटो नाही. लोकांचे कपडे आहेत."

"एकच."

"अर्धासुद्धा नाही."

"काय हो वहिनी, मुलंच ती," डॉक्टरबाई म्हणाल्या. पण वहिनीचे हात चौकटीवरून निघेनात, तसा त्यांचा आवाज थंड झाला. "मग आमचे बाकीचे चार कपडेही देऊन टाका."

वहिनीने दिले, चिठ्ठ्या काढून, घड्या घालून. त्यांच्यामागे बाकीची घरंही जाणार, हे तिला घड्या घालतानाच कळलं होतं.

"आणि निळा?"

"टाकून द्या."

फोटो नाही निघाला, पण जिभेला कुठे फोन लागतो? तिसऱ्या दिवशी नणंद कॉलेजातून आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "आता मला दांडी म्हणतात."

वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेली, तेवढ्यात ती फोन बघून हळूच म्हणाली, "पण वहिनी, हसायला आलेले धरून बघणारे चार हजार झालेत." डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यातसुद्धा जरासा आनंद. वहिनीचा हात हवेतच राहिला.

मग तिने निळा ड्रेस काढला आणि कात्री लावली. नणंदेच्या हातात टाके काढायची उसवणी दिली. दोघी शेजारी बसल्या. एक उसवत होती, एक शिवत होती. दिवे लागायच्या आत पिटुकलीच्या मापाचा फ्रॉक तयार झाला. खिसा तिने स्वतः मागून घेतला, गोट्या ठेवायला.

फ्रॉक घालून तिने गिरकी घेतली, मग थांबून मान वाकडी केली आणि एक खांदा वर. "आत्या, फोन."

नणंदेने वहिनीकडे पाहिलं आणि फोन पालथा घातला.

"फोन कशाला?" वहिनीने पिटुकलीचा खांदा हलकेच खाली दाबला. "मी बघतेय ना. छान दिसतेस."

"तू तर आई आहेस. तू रोजच म्हणतेस." पिटुकली खरोखरच विचारात पडली होती. "बाकी कोणी बघितलंच नाही, तर मी छान दिसते हे खरं कशावरून?"