रिकाम्या पायाची इस्त्री

"वर्दीला पाणी द्यावं, बाई, नाव देऊ नये;
दारी आली तर बसू द्यावं, बोल देऊ नये."

आई भांडी घासता घासता हे गुणगुणायची. तिला जाऊन जमाना झाला, पण गल्लीच्या तोंडाशी कोळशाची इस्त्री फिरवणाऱ्या लेकीच्या कानात तो सूर घर करून होता. म्हणूनच नवी हवालदारीण हातगाडीपाशी आली, तेव्हा इस्त्रीवालीनं आधी पाण्याचा पेला पुढे केला.

"मावशी, पंक्चरवाल्याला आमच्या गाडीनं उडवलं, तेव्हा तुम्ही इथंच होतात ना?"

"अंधार होता, बाई."

गल्लीत हेच उत्तर चालायचं. खांबावरचा दिवा वर्षानुवर्षं मेलेला, गटार तुंबलेलं, कचऱ्याला वाली नाही. वर्दी मात्र न चुकता यायची, ती कोणाला तरी उचलायलाच. इस्त्रीवालीचा भाऊ एकदा साक्ष द्यायला गेला, तो आरोपी होऊन बसला. नाल्यापलीकडच्या बंगल्यांच्या वसाहतीत तीच वर्दी म्हाताऱ्यांना हात धरून रस्ता ओलांडून द्यायची.

दोन दिवसांनी हवालदारणीनं खांबावरचा दिवा लावून घेतला. गल्ली हरखली नाही, दचकली.

"उजेड दिलाय की पाळत ठेवलीय?" वाणी म्हणाला. "आणि स्वतःच्याच गाडीची चौकशी करणार हे? मांजर बसलंय दुधाच्या राखणीला!"

इस्त्रीवाली हसली, पण पंक्चरवाल्याची बायको पँट घेऊन पुढ्यात आली, तसं ते हसू ओठांवरच करपलं.

"उद्या चौकशी आहे, वहिनी. म्हणतात, हाच पिऊन चाकाखाली आला. आपल्याकडून बोलायला कोणी नाही, मग तेच खरं ठरणार. जरा कडक करून द्या. चुरगळलेले दिसले तर दारुडेच वाटतील."

"डावा पाय... दुमडून देऊ?"

"नको. दोन्ही करा. त्यांना अजून दोन्हीची सवय आहे."

इस्त्रीवालीनं डाव्या पायावर पाणी शिंपडलं. गुडघ्याखाली आता काही जायचं नव्हतं, तरी लग्नाच्या कपड्याला पाडावी तशी तिनं कडक घडी पाडली. पँट तिनं पंक्चरवाल्याच्या बायकोच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी हवालदारीण दिव्याखालून निघाली होती.

"ओ बाई! तुमच्यावर माझा काडीचा भरवसा नाही, हे आधी लिहा."

"लिहिते. पुढं?"

"तुमची गाडी दिवे न लावता रिव्हर्समध्ये मागं आली. तो प्यायलेला नव्हता. 'वहिनी, थांबवा त्यांना,' म्हणून मलाच हाका मारत होता. अंधार होता, तरी मी पाहिलं. घ्या लिहून, माझ्या नावानिशी."